रेघेची साक्ष

दहावी-बारावीचे निकाल लागले की चामोर्शीतल्या सेवा केंद्रांसमोर आणि झेरॉक्सच्या दुकानांसमोर गर्दी होते. घोट, आष्टी, कुनघाडा, भेंडाळा अशा गावांहून आलेल्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत घरातले सगळ्यांत जुने कागद असतात: आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, अधिकार अभिलेखाचा उतारा. जात पडताळणीत अनुसूचित जमातींसाठी १९५० पूर्वीचा आणि इतर मागास वर्गांसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा मोलाचा ठरतो. त्यामुळे कागद जितका जुना, पिवळा आणि घडीवर फाटलेला, तितकी त्याची किंमत जास्त. असा कागद स्कॅनरच्या काचेवर पालथा पडतो, झाकण मिटते, फटीतून उजेड सरकताना दिसतो आणि पडद्यावर उमटलेल्या चित्रात जातीच्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत एक बारीक गुलाबी रेघ गेलेली असते. कागदावर ती नाही. काच पुसली, पुन्हा स्कॅन केले, तरी रेघ जागची हलत नाही. मग निदान ठरलेले असते: मशीन गेलं.

हे निदान बहुतेक वेळा घाईचे असते. स्कॅनमधली रंगीत रेघ हा यंत्राने दिलेला जबाब असतो. ती कोणत्या दिशेने गेली आहे, कोणत्या रंगाची आहे आणि कोणत्या कागदावर उठून दिसते, या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर बिघाड काचेवर आहे, काचेखाली आहे, तारेत आहे की खुद्द कागदात, हे यंत्र न उघडता बरेचसे कळते. चामोर्शीहून गडचिरोली तीसेक किलोमीटर, नागपूर सुमारे दोनशे. मेकॅनिक बोलावण्याचा किंवा मशीन पाठवण्याचा खर्च जिथे मशीनच्या किमतीला टेकतो, तिथे ही रेघ वाचता येणे ही हौस नव्हे, गरज आहे. आणि ज्या कागदावर कोणाचा प्रवेश किंवा जमीन अवलंबून आहे, त्या कागदावरची रेघ पुसून टाकण्याआधी वाचली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

रेघ का पडते हे समजायला स्कॅनर पाहतो कसा, हे आधी समजले पाहिजे. कॅमेरा सगळे दृश्य एका क्षणात टिपतो. स्कॅनर तसे करत नाही. काचेखाली एक डोके असते, त्यात दिवा असतो आणि प्रकाश मोजणाऱ्या डोळ्यांची एक लांबलचक ओळ असते. हे डोके काचेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते आणि प्रत्येक पावलाला कागदाची एक केसाएवढी आडवी फीत वाचते. ए-फोर कागद मावेल अशी साडेआठ इंची काच ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करायची तर एका ओळीत ५,१०० डोळे लागतात, आणि कागदाची लांबी संपेपर्यंत अशा सुमारे ७,००० फिती वाचल्या जातात. म्हणजे डावीकडून हजारावा डोळा सबंध प्रवासात कागदावरची एकच उभी वाट तुडवतो. त्या डोळ्याचा अंदाज किंचित चुकला, तर ती चूक सातही हजार फितींत त्याच जागी उमटते आणि त्या ठिपक्यांची मिळून सरळ रेघ होते. माणसाने पट्टी धरून ओढली तरी इतकी सरळ यायची नाही.

ही रेघ स्कॅनरच्या जन्मापासूनची नाही. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्राला वाचायला लावला, तो संगणकात गेलेल्या पहिल्या छायाचित्रांपैकी एक मानला जातो. पाच सेंटिमीटर चौरस फोटो, १७६ गुणिले १७६ ठिपके. त्या यंत्रात फोटो फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेला होता आणि वाचणारा डोळा एकच होता. एकाच डोळ्याने सगळे पाहिले की तो थोडा अधू असला तरी सगळ्या चित्राला सारखाच अधू, म्हणून लांबच लांब रेघ पडण्याचा प्रश्न नव्हता. १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही प्रकाश मोजणारी चिप शोधली, ज्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. तिच्यामुळे हजारो डोळे एका ओळीत बसवणे शक्य झाले, स्कॅनर टेबलावर मावू लागला, वेगवान आणि स्वस्त झाला. पण हजारो डोळे आले की त्यांची आपसात तुलना आली, आणि एक डोळा शेजाऱ्यापेक्षा वेगळे सांगू लागला की रेघ आली. रेघ हे त्या सोयीचे देणे आहे.

हजारो डोळे कारखान्यातून हुबेहूब सारखे निघत नाहीत, दिव्याचा उजेडही मध्यभागी जास्त आणि कडांना कमी पडतो. म्हणून यंत्र कागद वाचण्याआधी स्वतःची परीक्षा घेते. काचेच्या एका टोकाला, चौकटीच्या खाली, आतल्या बाजूने एक पांढरी पट्टी चिकटवलेली असते. डोके आधी तिच्याखाली थांबते आणि प्रत्येक डोळ्याला विचारते, तुला हे पांढरे किती पांढरे दिसते? जो कमी सांगेल त्याच्या उत्तराला मोठा गुणक, जो जास्त सांगेल त्याला लहान. पुढच्या सगळ्या पानाला हेच गुणक लागतात. आता त्या पट्टीवर धुळीचा एक कण बसला आहे असे धरा. त्याच्यासमोरच्या डोळ्याला एरवी २०० मोजला जाणारा उजेड १०० च दिसतो. यंत्राला धूळ माहीत नसते. त्याला वाटते हा डोळाच अधू आहे, आणि ते त्याचा गुणक दुप्पट करते. मग कागदावरच्या ज्या शाईचे माप ७६ यायला हवे ते १५२ येते, म्हणजे काळी शाई राखाडी होते, आणि आधीच फिकट झालेली शाई कागदाच्या रंगात विरघळून जाते. काच कितीही पुसली तरी ही रेघ जात नाही, कारण कण काचेच्या पोटाला आहे. डोळ्यात दोष नाही, दिव्यात नाही. ज्या पट्टीवरून यंत्र पांढरे म्हणजे काय हे शिकते, तीच मळली आहे.

रंगाचे कोडे इथेच सुटते. जाडजूड, सीसीडी असलेल्या स्कॅनरमध्ये डोळ्यांच्या तीन ओळी असतात: एकीवर लाल गाळणी, दुसरीवर हिरवी, तिसरीवर निळी. तिन्ही ओळी एकमेकींपासून किंचित अंतरावर असल्यामुळे पांढऱ्या पट्टीवर त्या किंचित वेगळ्या जागा पाहतात. कण लाल ओळीच्याच वाटेत असेल तर फक्त लालाचा गुणक वाढतो आणि चित्रात लालसर, गुलाबी रेघ येते. फीडरमधून कागद ओढणाऱ्या यंत्रात मामला उलटा असतो. तिथे डोके जागेवर थांबलेले असते आणि कागद एका अरुंद काचेच्या फटीवरून सरकतो. त्या फटीवर व्हाइटनरचा थेंब वाळला, शिक्क्याची शाई लागली, स्टेपलर पिनेने ओरखडा पडला, की तो डाग सबंध पान संपेपर्यंत उजेड अडवतो. लाल अडला तर रेघ निळसर-हिरवट, हिरवा अडला तर जांभळट-गुलाबी, निळा अडला तर पिवळी. सपाट, हलक्या सीआयएस स्कॅनरमध्ये डोळ्यांची ओळ एकच असते आणि लाल, हिरवे, निळे दिवे आळीपाळीने लागतात. तिथे कणामुळे येणारी रेघ बरीचशी पांढुरकी असते, आणि तिला छटा असली तर ती कणाच्या रंगाच्या उलट असते. तांबडी धूळ लाल उजेड परत करते, हिरवा-निळा गिळते. यंत्र हिरव्या-निळ्याचे गुणक वाढवते आणि रेघ निळसर उमटते. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांनी जातात त्या रस्त्यांकडेच्या दुकानांत हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे: धूळ तांबडी, रेघ निळी.

दिशा याहून अधिक बोलते. डोके ज्या दिशेने सरकते त्या दिशेची, सगळ्या पानभर एकसारखी रेघ म्हणजे दोष एका जागी ठाण मांडून बसला आहे: पट्टीवर, फटीच्या काचेवर, आरशावर, क्वचित डोळ्यावर. डोक्याच्या प्रवासाला काटकोनात, म्हणजे आडव्या पट्ट्या आल्या तर दोष काळाचा आहे. त्या क्षणी काहीतरी हलले किंवा लुकलुकले. वीज खालीवर झाली, दिवा पुरता तापला नव्हता, पट्ट्याचा दात घसरला. डोक्याला जोडलेली चपटी तार वाकून वाकून तुटायला आली असेल तर डोके ठरावीक जागी आले की पट्टी उमटते आणि पुढे गेले की जाते. डोके थबकत चालले तर तीन रंगांच्या तीन ओळी एकमेकींवर नीट बसत नाहीत आणि अक्षरांच्या कडांना लाल-निळी झालर येते. बोटभर रुंद हिरवा किंवा गुलाबी पट्टा पानभर आला, तर मात्र वाईट बातमी. सीआयएसचा डोळ्यांचा दांडा अनेक लहान चिप शेजारी शेजारी मांडून बनवतात. त्यातली एक चिप गेली की तिच्या वाट्याची सगळी रुंदी जाते, आणि तिथे फडके चालत नाही.

तपासणीला लागणारे साहित्य कोणत्याही दुकानात हाताशी असते: एक कोरा पांढरा कागद आणि एक खाकी पाकीट. आधी रेघ आलेला मूळ कागदच उलटा फिरवून, डोके खाली आणि पाय वर करून, पुन्हा स्कॅन करावा. रेघ कागदाबरोबर फिरली तर ती कागदातच आहे, घडीची किंवा पेनाची. जागेवर राहिली तर यंत्राची. मग तोच कागद एकदा फीडरमधून आणि एकदा काचेवरून घ्यावा. फक्त फीडरमधून येत असेल तर फटीची बोटभर काच पुसायची, मोठी काच नव्हे. सेवा केंद्रांतल्या रेघांचा मोठा वाटा इथेच निकालात निघतो, आणि पुसणारे हात मात्र नेहमी मोठ्या काचेवरच फिरत असतात. शेवटी खाकी पाकीट. बरेच जण कोरा पांढरा कागद स्कॅन करतात, रेघ दिसत नाही आणि यंत्र सुधारले असे समजतात. पण पट्टीवरच्या कणाची रेघ ही उजळ रेघ असते. पांढऱ्या कागदाचे माप आधीच २५५ ला, म्हणजे कमाल मापाला, टेकलेले असते, त्याहून उजळ व्हायला जागाच नसते, म्हणून रेघ पांढऱ्यात लपते. खाकीवर ती लगेच उघडी पडते. फीडरच्या फटीवरच्या डागाची काळपट रेघ याउलट पांढऱ्यावर ठळक दिसते. दोन्ही कागद वापरले की रेघ उजळ आहे की गडद हे कळते, आणि तेवढ्यावरून कण पट्टीवर आहे की वाटेत, हे ठरते.

निगेटिव्ह आणि स्लाइडच्या बाबतीत हाच विचार थोडा वळवून लागू होतो. गावोगावच्या फोटो स्टुडिओंत, लग्नघरांच्या ट्रंकांत, मार्कंडादेवच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह अजून सापडतात आणि घरोघरी त्या स्कॅन करून घेण्याची घाई आहे, कारण वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पावसाळी दमटपणात फिल्मवर बुरशी चढते. फिल्म आरपार उजेडाने वाचली जाते, म्हणून यंत्र पांढऱ्या पट्टीऐवजी झाकणातल्या दिव्याचा मोकळा उजेड मोजते. त्यासाठी फिल्मच्या साच्यात वरच्या बाजूला एक रिकामी खिडकी ठेवलेली असते. तिथे फिल्मचे टोक आले, चिकटपट्टीचा तुकडा राहिला किंवा धूळ बसली, की सगळ्या फोटोंवरून रेघा जातात. साच्यातली ती खिडकी झाकू नये, असे पुस्तिकेत लिहिलेले असते आणि तेच नेमके वाचायचे राहते. रंगीत निगेटिव्हचा पाया नारिंगी असतो, तो निळा उजेड सर्वांत जास्त अडवतो, म्हणून यंत्राला निळ्याचे माप सर्वाधिक ताणावे लागते. ताणले की त्यातले दोषही ताणले जातात आणि चित्र उलटवल्यावर निळ्याचा दोष पिवळा होऊन दिसतो. शिवाय निगेटिव्हचा सर्वांत दाट भाग म्हणजे फोटोतले आकाश. म्हणून निगेटिव्हच्या रेघा आकाशात आणि नवरीच्या पांढऱ्या शालूत आधी शोधाव्यात, स्लाइडच्या रेघा सावल्यांत. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेडची सोय इथे कामाची नाही. ती फिल्मवर बसलेली धूळ ओळखते, यंत्राच्या चुकीच्या गुणकाची तिला खबर नसते, आणि खऱ्या चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर तर ती चालतच नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की, हे सगळे खरे, पण रांगेत पंधरा माणसे उभी असताना ऑपरेटरने खाकी पाकिटे स्कॅन करत बसायचे का? काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले की रेघ जाते, काम होते. रेघ जाते हे पुष्कळदा खरे आहे आणि त्याचे कारणही साधे आहे. अनेक स्कॅनर करडे चित्र फक्त हिरव्या ओळीवरून बनवतात, त्यामुळे लाल ओळीतला दोष चित्रात येतच नाही. पण दोष हिरव्यात असेल तर रेघ तशीच राहते, आणि निव्वळ काळे-पांढरे केले तर रेघेतली फिकट शाई पांढऱ्यात जमा होते. त्याहून महत्त्वाचे, जुन्या कागदात रंग हाच पुरावा असतो. शिक्क्याची जांभळी शाई, सहीची निळी, मागाहून केलेल्या दुरुस्तीची लाल: काळ्या-पांढऱ्यात या तिन्ही एक होतात आणि कोणी केव्हा काय लिहिले, हे सांगणारी खूण नाहीशी होते. वेळेचे म्हणाल तर तपासणी प्रत्येक कागदाला करायची नाही. सकाळी दुकान उघडल्यावर दोन मिनिटे पुरतात. उलट रेघेमुळे अर्ज त्रुटीत निघाला, तर घोटहून आलेल्या माणसाला बसभाडे आणि एक दिवसाची मजुरी पुन्हा मोजावी लागते. ऑपरेटरची दोन मिनिटे आणि त्याचा एक दिवस, यांतला हिशेब अवघड नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. मोबाईलने फोटो काढावा, किंवा सॉफ्टवेअरला रेघ काढायला सांगावे. मोबाईलच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. त्याचा डोळा चौकोनी असतो, ओळीचा नसतो, त्यामुळे अशी उभी रेघ त्यात येत नाही, आणि मुदत आज संपत असेल तर बिघडलेल्या स्कॅनरपेक्षा खिडकीजवळ उजेडात काढलेला मोबाईलचा फोटो बरा. पण त्यात कागद तिरपा येतो, एका कडेला सावली येते, मापे विश्वासाची राहत नाहीत, आणि ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर त्यातही आडव्या पट्ट्या पडतात. सॉफ्टवेअरचा मुद्दा वेगळा आणि गंभीर आहे. रेघेखाली जे होते ते यंत्राने पाहिलेच नसेल, तर सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. शेजारचे पाहून तिथे काय असेल याचा अंदाज भरते. आजीच्या फोटोतले आकाश असे भरले तर कोणाचे बिघडत नाही. जातीच्या रकान्यातले अक्षर किंवा गट नंबरमधला आकडा असा भरणे ही दुरुस्ती नव्हे. गुळगुळीत चित्र किती फसवे असू शकते, याचे उदाहरण २०१३ चे आहे. जर्मनीतले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिझेल यांना एका इमारतीच्या नकाशाच्या स्कॅनमध्ये तीन वेगवेगळ्या आकारांच्या खोल्यांचे क्षेत्रफळ एकच, १४.१३, लिहिलेले आढळले. यंत्र झेरॉक्स कंपनीचे होते, आपल्याकडे जिच्या नावानेच नक्कल ओळखली जाते तिचे. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच मानून सगळ्यांच्या जागी एकच तुकडा चिकटवत होते. चित्र स्वच्छ होते, रेघ नव्हती, डाग नव्हता, आकडा मात्र खोटा होता. कंपनीला पुढे दुरुस्ती द्यावी लागली. रंगीत रेघ निदान आपण होऊन सांगते की इथे काहीतरी चुकले आहे.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांना जुने नकाशे, निस्तार पत्रके, बंदोबस्ताचे कागद आणि वनविभागाचे कार्य-आराखडे पुरावा म्हणून चालतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी असे कागद शोधून काढले. हे कागद रंगांनी बोलतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात पाणी निळे, जंगल हिरवे, शेती पिवळी, उंचीच्या रेषा तपकिरी, रस्ते आणि वस्ती लाल. गावाची हद्द कित्येकदा नाल्याने ठरते. अशा नकाशाच्या स्कॅनवर बारीक निळी रेघ पडली आणि त्याचा हातभर तुकडा कापून अर्जाला जोडला, तर पाहणाऱ्याला ती रेघ नकाशाचीच वाटू शकते. नाला इतका सरळ वाहत नाही हे खरे, पण हद्द सरळ असू शकते, आणि तीच तर वादाची गोष्ट असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी, कित्येक मोडीतली कागदपत्रे धुंडाळली गेली आणि स्कॅन झाली. भूमी अभिलेख विभागाचे जुने दप्तरही संगणकावर आले आहे. मूळ कागदाला वाळवी आणि ओल लागून आहे, तो फार दिवसांचा सोबती नाही. उद्या कागद गेल्यावर स्कॅन हाच मूळ ठरणार आहे, आणि त्यावेळी रेघ कागदावर होती की यंत्रात, हे सांगायला खाकी पाकीट उपयोगी पडणार नाही.

तिसरा आक्षेप उरतो: स्कॅनर स्वस्त झाले आहेत, नवा घ्यावा. चिप गेली असेल, डोक्याची तार तुटली असेल तर खुशाल घ्यावा. तिथे दुरुस्तीचा हट्ट परवडत नाही. पण धूळ असेल तर नवे यंत्रही त्याच टेबलावर, त्याच पंख्याखाली, त्याच धानाच्या गिरणीच्या कोंड्यात आणि त्याच रस्त्याच्या धुळीत बसणार आहे, आणि वर्षभरात त्याच्याही पट्टीवर कण बसणार आहे. त्यापेक्षा वापर नसताना त्यावर कापड टाकावे. पावसाळ्यात चिलटे उजेडाकडे धावतात, तेव्हा रात्री यंत्र बंद ठेवावे. व्हाइटनर वाळल्याशिवाय कागद फीडरमध्ये घालू नये आणि पिना आधी काढाव्यात. काच पुसताना पाणी काचेवर शिंपडू नये, ते कडेने आत उतरते आणि वाळताना पट्टीवरच डाग सोडते. मऊ, धागे न सुटणारे कापड जरा ओले करून पुसावे. तोंडाने फुंकर मारू नये, तिच्याबरोबर थुंकीचे तुषार जातात. रबरी फुग्याने हवा मारावी. पांढऱ्या पट्टीपर्यंत पोचायचे तर वरची चौकट उघडावी लागते. वॉरंटी संपलेली असेल आणि हात सरावलेला असेल तर बंद, स्वच्छ खोलीत, पंखा थांबवून हे करता येते, नाहीतर जाणकाराकडे द्यावे. पण जाणकाराला ‘लाइन येते’ एवढेच सांगण्याऐवजी ‘काचेवरून येते, फीडरमधून येत नाही, खाकीवर गुलाबी आणि उजळ दिसते’ असे सांगितले, तर तो आल्या आल्या दिवा बदलायला काढणार नाही, थेट पट्टी पुसेल.

यंत्र लगेच दुरुस्त होणार नसेल तरी दिवसाचे काम अडत नाही. रेघ काचेवर नेहमी एकाच जागी पडते. ती जागा काचेच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून ठेवली आणि कागद बोटभर बाजूला सरकवून मांडला, तर रेघ मजकुराऐवजी कोऱ्या समासातून जाते. कागद काचेएवढाच मोठा असेल तर एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून असे दोन स्कॅन घ्यावेत, म्हणजे एकात झाकलेले दुसऱ्यात उघडे असते. आणि एक सवय कोणतेही यंत्र असो, लावून घ्यावी: फाइल जतन केल्यावर चित्र पूर्ण आकारात मोठे करून नाव, जात, तारीख आणि आकडे यांवरून एकदा नजर फिरवावी. ही नजर कागद परत पिशवीत जाण्याआधी फिरवायची असते, कारण घोटची बस सुटल्यावर रेघेखालचे अक्षर कोणालाच वाचता येत नाही.